पहिलं नाव पेच्चियम्माळचं

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. डॉक्टर कांतिमतींची नाही, आणि पेच्ची अक्काची तर मुळीच नाही. मी उलगनायकी. तिरुनेलवेलीच्या पुढं, तामिरबरणीच्या काठी आमचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, त्याच्या लायब्ररीत मी एकतीस वर्षं बसले. तोंडावर सगळे मला उलगु अक्का म्हणायचे, पाठीमागं काय म्हणायचे तेही मला ठाऊक आहे. पुस्तक उशिरा आणणाऱ्याला मी सोडत नसे, मग तो डीन का असेना.

पेच्चियम्माळ ही बायकांच्या तापाच्या वॉर्डातली आया. डोंगराच्या पायथ्याच्या एका खेड्यातली. सातव्या वर्षापासून विड्या वळत आलेली, नवरा गेल्यावर आमच्याकडं कामाला लागलेली. काळी, किडकिडीत, आणि तोंड असं की वॉर्डातला कंपाउंडर तिच्या समोरून जाताना मान खाली घालून जायचा. रोग्यांचं अंग पुसायचं, चादरी बदलायच्या, भांडी उचलायची, हे तिचं काम. पगाराच्या वहीत अंगठा.

आमच्याकडं पावसाळा सरला की तापाच्या बायका येत. दहा-दहा दिवस ताप उतरायचा नाही, मग धाप लागायची, बरळायला लागायच्या, आणि त्यातल्या किती तरी जायच्या. पुरुषांच्या वॉर्डात हाच ताप लवकर कळायचा, कारण पुरुषांच्या हातापायावर, पाठीवर एक काळी खपली दिसायची. शेतातल्या, झुडपातल्या एका बारीक किड्याच्या चाव्याची ती खूण. खूण दिसली की स्वस्तातली एक गोळी द्यायची, तीन दिवसांत माणूस उठून बसतो. बायकांत म्हणे ती खूण नसतेच. तसं आमच्या मोठ्या डॉक्टरांचं मत होतं, आणि त्यांचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पेच्ची अक्काला मात्र अंग पुसताना त्या खपल्या दिसत. छातीच्या खाली, जांघेत, परकराची नाडी बांधतात तिथं. तिनं मोठ्या डॉक्टरांना एकदा सांगितलं. ते हसले. म्हणाले, "नवऱ्यानं विडीचा चटका दिला असेल. तुमच्या गावात हेच चालतं."

पेच्ची अक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "साहेब, विडीचं मला शिकवू नका. या हातांनी वळलेल्या विड्या मोजल्या तर तुमच्या डोक्यावरच्या केसांहून जास्त भरतील. आणि मी म्हणते, सगळ्यांचे नवरे एकाच जागी चटका देतात होय?"

तिला त्या दिवशी वॉर्डातून हाकललं. आणि बाहेर व्हरांड्यात डॉक्टर कांतिमती उभ्या होत्या, त्यांनी ते ऐकलं.

डॉक्टर कांतिमती तेव्हा नव्याच होत्या. बोलायच्या कमी, जेवायच्या माझ्या लायब्ररीत, कारण डॉक्टरांच्या खोलीत सगळे बाप्ये. त्या दुपारी डबा तसाच ठेवून त्या पेच्ची अक्काला घेऊन आल्या. "अक्का, मघाशी म्हणालात ते परत सांगा. किती बायकांना पाहिलीत खूण?"

"किती ते कसं सांगू? मला आकडे येत नाहीत. थांबा."

ती गेली आणि पावडरीचे तीन डबे घेऊन आली. माझ्या टेबलावर, चक्क माझ्या स्वच्छ टेबलावर, तिनं ते उपडे केले. चिंचोके! एका डब्यात कमरेच्या खुणा, एकात छातीखालच्या, तिसऱ्यात बाकीच्या. बाई आली, खूण दिसली, की एक चिंचोका. बाई दगावली की तो चिंचोका काढून तिनं विस्तवावर भाजून परत टाकलेला. काळे पडलेले चिंचोके आम्ही तिघींनी मोजले. ते सत्तावीस होते.

पुढचे दोन पावसाळे दोघींनी मिळून काम केलं. पेच्ची अक्का बघायची, डॉक्टर कांतिमती, म्हणजे आमच्या डॉक्टरम्मा, लिहायच्या, रक्त तपासायला पाठवायच्या, गोळी सुरू करायच्या. भाजलेले चिंचोके हळूहळू थांबले. दुसऱ्या पावसाळ्यात एकशेएकतीस बायका आल्या आणि गेल्या फक्त दोन, त्याही अखेरच्या घटकेला आणलेल्या.

मग डॉक्टरम्मांनी पेपर लिहिला. त्यांचा पहिलाच पेपर. शिकवणारं कुणी नाही, मोठे डॉक्टर तर त्यांच्याशी बोलतही नव्हते. टाइपरायटरवर माझ्याच खोलीत त्यांनी तो टाइप केला. वरती आधी पिळ्ळैयारची, म्हणजे गणपतीची खूण काढली, ती मी खोडायला लावली, इतकं मला कळत होतं. मग त्यांनी विचारलं, "उलगु अक्का, नावं कोणत्या क्रमानं लिहायची असतात?"

आणि मी, लायब्ररीचा डिप्लोमा घेतलेली मी, हजारो पेपरांची कार्डं स्वतःच्या हातानं लिहिलेली मी, चष्मा न काढता म्हणाले, "लग्नपत्रिकेत लिहितात तशी. वडीलधाऱ्यांचं आधी. पेच्ची अक्का तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी आहे, तिच्या आधी तुमचं नाव? लोक काय म्हणतील?"

"खरंच की," असं म्हणून त्यांनी लिहिलं. पहिलं नाव, एम. पेच्चियम्माळ, वॉर्ड आया. दुसरं, डॉक्टर एस. कांतिमती. पत्त्याच्या जागी त्यांनी माझ्या लायब्ररीचा पत्ता घातला, कारण वसतिगृहात टपाल हरवायचं.

मासिकवाल्यांनी प्रत्येक लेखकाची सही मागितली, अंगठा चालणार नाही म्हणाले. मग काय, जुन्या कार्डांच्या पाठीवर मी तीन आठवडे पेच्ची अक्काला सही शिकवली. 'पे' काढताना ती जीभ बाहेर काढायची. मी ओरडायची, ती उलट ओरडायची. "विडी एका दमात वळता येते, हे तुमचं अक्षर मेलं सरळ उभंच राहत नाही!" ज्या दिवशी सही जमली त्या दिवशी तिनं सगळ्या वॉर्डाला सुंठीची कॉफी पाजली.

पेपर छापून आला. कॉलेजात कुणी ढुंकून पाहिलं नाही. पण दोनेक वर्षांनी माझ्या टेबलावर पत्रं यायला लागली. 'प्रोफेसर डॉक्टर पेच्चियम्माळ यांस.' नावाखालचं 'वॉर्ड आया' त्यांनी वाचलंच नसावं. श्रीलंकेहून, नेपाळहून, कुठून कुठून. एकदा थायलंडहून भाषणाचं आमंत्रण आलं, विमानाचं तिकीट देऊ म्हणाले. मी ते तिला वाचून दाखवलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथं तांदळाचं वाफवलेलं पुट्टू मिळतं?"

"नसेल मिळत."

"मग राहू दे. आणि माझ्या जागी बादल्या कोण उचलणार? तू?"

हसून हसून डॉक्टरम्मांना ठसका लागला. त्या उत्तरं लिहायच्या, मी पाकिटं चिकटवायची, पेच्ची अक्का सही ठोकायची. आमचे ते दिवस फार चांगले गेले.

ती चूक एकोणीस वर्षांनी कळली. तोवर पेच्ची अक्का कामावरून निवृत्त होऊन घरी बसली होती, आणि डॉक्टरम्मांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तरी त्या अजून सहयोगी प्राध्यापकच. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं प्रोफेसर होऊन गेली आणि या तिथल्या तिथं. त्या वर्षी प्रोफेसरची एक जागा निघाली. शेवटची संधी. आणि त्यांना ती हवी होती, उगाच साधुसंत करू नका त्यांना. मला म्हणाल्या होत्या, "अक्का, वडील जाताना म्हणाले होते, दारावर प्रोफेसर कांतिमती अशी पाटी बघायची आहे. ते गेले. निदान पाटी तरी लागू दे."

अर्जाला पेपरांची यादी जोडायची होती, आणि प्रत्येक पेपराचा दाखला दुसऱ्या किती जणांनी आपल्या पेपरात दिला तो आकडा. ती यादी करायचं काम माझं. नियम नवा होता. ज्याचं नाव पहिलं, त्याचाच पेपर धरायचा, आणि सगळ्यांचे मिळून दोनशे दाखले हवेत.

मी चार दिवस कॉम्प्युटरसमोर बसले. डॉक्टरम्मांचे पहिल्या नावाचे पेपर अकरा, दाखले सगळे मिळून शहाण्णव. आणि पेच्चियम्माळचा पेपर एकच, त्याचे दाखले चारशे बारा. मी आकडा परत पाहिला, चष्मा पुसून पाहिला. मग मला लग्नपत्रिका आठवली. आमच्या अख्ख्या कॉलेजात सगळ्यांत जास्त दाखले मिळालेला लेखक म्हणजे पगाराच्या वहीत अंगठा उठवणारी आया, आणि डॉक्टरम्मांची पाटी माझ्या जिभेनं अडवलेली.

मी मासिकाला लिहिलं. उत्तर आलं, पहिल्या लेखिकेनं लेखी कळवलं की तिचं काम केवळ हाताखालचं होतं, तर क्रम बदलून दुरुस्ती छापू. झालं! मी तमिळमध्ये पत्र तयार केलं, पिशवीत घातलं आणि बस पकडून पेच्ची अक्काचं गाव गाठलं.

ती ओट्यावर विड्या वळत बसली होती. आता डोळ्यांनी कमी दिसायचं, बोटं मात्र तशीच चालायची. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच? आण इकडं. त्या नावानं काय माझी चूल पेटते?" मग पेन हातात घेतलं आणि थांबली. "तूच शिकवलंयस ना, वाचल्याशिवाय सही करायची नाही. वाच."

मी वाचलं. 'मी केवळ सांगितलेलं काम केलं. खुणेबद्दल मला काहीही माहीत नव्हतं.'

पेच्ची अक्कानं पेन ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, "हे खोटं आहे, उलगु."

"हो."

"कांतिमतीला पाटी मिळेल याच्यानं?"

"मिळेल."

"मग खोटं तर खोटं. तिनं किती बायका वाचवल्या. तिच्यासाठी एक खोटं मी देवाला सांभाळून घ्यायला लावीन." आणि तिनं सही केली. 'पे' तसाच तिरका. जीभ बाहेर काढून.

येताना बसमध्ये मला रडू आलं, ते मी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पत्र डॉक्टरम्मांच्या टेबलावर ठेवलं. वाटलं, आता त्या माझा हात धरतील. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "त्यांना वाचून दाखवलंत?"

"दाखवलं."

"काय म्हणाल्या?"

मी त्यांच्या टेबलावरच्या फायली सारख्या करायला लागले.

"उलगु अक्का, काय म्हणाल्या त्या?"

"खोटं आहे म्हणाली. पण तुमच्यासाठी करते म्हणाली."

डॉक्टरम्मांनी पत्राची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि खणात टाकून खण लावला. म्हणाल्या, "पाटी हवी होती हो मला." आणि चष्मा काढून डोळे पुसले. पण पत्र काही बाहेर काढलं नाही.

मुलाखतीत त्यांना विचारलं, "या पेच्चियम्माळ कुठल्या कॉलेजात प्रोफेसर आहेत?" त्यांनी सांगितलं, "आमच्या वॉर्डात आया होत्या." समितीतले दोघं हसले म्हणे. जागा दुसऱ्याला गेली, चाळिशीच्या एका पोराला, त्याचे दाखले दोनशे तेरा.

मी महिनाभर डॉक्टरम्मांशी बोलले नाही. राग होता मला. कुणाचा ते विचारू नका. आपलेच दात, आपलेच ओठ. एवढा खटाटोप केला, म्हातारीला खोटं बोलायला लावलं, आणि या बाईसाहेब खण लावून मोकळ्या! पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले, त्याच्या पुढच्या वर्षी त्या. निरोपाच्या फलकावर 'सहयोगी प्राध्यापक' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, ते वाचून मी समारंभातून उठून आले.

त्या पावसाळ्यानंतर मी लेकीकडं शिमोग्याला गेले. घरामागं सुपारीची बाग, मी रोज सकाळी गवतातून हिंडायची. आणि मला ताप आला. दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस. टायफॉइडची औषधं झाली, मलेरियाची झाली. नवव्या दिवशी धाप लागली. लेक सांगते, मी भिंतीकडं बघून पुस्तक उशिरा आणणाऱ्यांची नावं घेत होते.

तिथल्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता, मंजुनाथ नावाचा. अर्धवट शुद्धीत मला त्याचं बोलणं ऐकू येत होतं. त्याला तमिळ थोडं यायचं. त्यानं नाडी पाहिली आणि पहिल्यांदा नर्सला नाही, लेकीला नाही, दाराकडं तोंड करून हाक मारली, "आयाला बोलवा!"

एक बाई आली. हात खरबरीत, पण गरम पाण्यानं उबदार. तिनं पडदा ओढला, माझं अंग पुसलं, परकराची नाडी सैल केली आणि कानडीत काहीतरी ओरडली. कमरेवर, नाडीच्या खाली, काळी खपली. मला वाटलं होतं नाडी काचली असेल! वीस वर्षं तो पेपर मी झटकून पुसून कपाटात ठेवला, त्याचे दाखले मोजले, आणि स्वतःच्या कमरेवरचं मला दिसलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा.

त्याच संध्याकाळी गोळी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी मी उठून बसले आणि कॉफी पांचट आहे म्हणून भांडले.

डॉक्टर मंजुनाथ हसत म्हणाला, "अम्मा, तुम्ही वाचलात."

मी विचारलं, "तुम्ही आधी आयाला का बोलावलंत?"

"आमच्या वॉर्डात नियमच आहे. तापाची बाई आली की आधी आयाला विचारायचं. आमच्या सरांनी शिकवलंय. पेच्चियम्माळ म्हणून कुणी आहेत, त्यांचा एक पेपर आहे. पहिलंच नाव, आणि खाली स्वच्छ छापलंय, वॉर्ड आया. सर म्हणायचे, बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल, हे नाव विसरू नका. डॉक्टरचं नाव वर असतं तर आम्ही पेपर वाचून ठेवून दिला असता. आयाला कुणी विचारलं असतं?"

मी भिंतीकडं तोंड केलं. लेकीला वाटलं परत ताप चढला. चारशे बारा मी मोजले होते, हा दाखला कुठल्याच यादीत नव्हता. खणात ठेवलेलं ते पत्र गेलं असतं, तर माझं काय झालं असतं? देवा, त्या बाईनं खण लावला म्हणून मी जिवंत आहे.

गावी परतले ती तडक डॉक्टरम्मांकडं गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या घरात पाऊल टाकलं. त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "मला माफ करा. आणि तुमचे फार उपकार आहेत." मग आम्ही दोघी रिक्षा करून पेच्ची अक्काकडं गेलो. निवृत्त होताना खणातून घरी आणून ठेवलेलं ते पत्र डॉक्टरम्मांनी बरोबर घेतलं होतं. पेच्ची अक्कानं ते चाचपलं, सहीच्या जागी बोट फिरवलं आणि चुलीत टाकलं. "बरं झालं. देवाला त्रास नको," म्हणाली.

मी सगळी हकीकत सांगितली. मंजुनाथ काय म्हणाला, त्याचे सर काय म्हणायचे, सगळं. डॉक्टरम्मा पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "पाटी राहिली तर राहिली. बाबांना हे सांगायला हवं होतं." आणि हसल्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना थायलंडच्या पत्रानंतर पाहिलं नव्हतं.

पेच्ची अक्कानं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं. "ते सगळं खरं. पण त्या आयाचं नाव काय?"

"कुठल्या आयाचं?"

"अगं, जिनं तुझी खूण पाहिली तिचं."

बावीस दिवस मी त्या वॉर्डात होते. तिनं माझं अंग पुसलं, वेणी घातली, मला शिव्या देऊन पेज पाजली. डॉक्टरचं नाव मला पाठ, त्याच्या सरांचं पाठ. पहिल्या नावावरून एवढा खटाटोप केलेली मी, आणि तिचं नाव विचारलं नव्हतं.

तिथल्या तिथं मंजुनाथला फोन लावला. तो ओशाळून म्हणाला, "अम्मा, आम्ही सगळे तिला आयाच म्हणतो. थांबा, विचारतो." फोन तसाच ठेवून तो गेला. पलीकडून बादलीचा आवाज, बायकांचं बोलणं. आम्ही तिघी फोनवर वाकून बसलो होतो.

तो परत आला. "निंगव्वा. तिचं नाव निंगव्वा. पण अम्मा, ती घाबरलीय. विचारतेय, नाव कशाला हवंय, माझं काही चुकलं का?"

"फोन स्पीकरवर टाकून तिच्यापुढं धरा," मी म्हणाले. "आणि मी बोलते ते तिला कानडीत सांगा. निंगव्वा, तुझं काही चुकलं नाही. चुकलं ते माझं. तुझ्यामुळं मी जिवंत आहे, बाई, आणि तुझं नाव मी आज विचारतेय."